मदत हवी आहे: स्पिनॅच आरएनए डायला उजळवतच नाहीये

नमस्कार मंडळी,
पुण्यात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टसाठी दोन आरएनए ॲप्टामर (ठरावीक रेणूला धरून ठेवणारे आरएनएचे तुकडे) टी-७ पॉलिमरेज एन्झाइमने बनवले: एक मॅलाकाइट ग्रीन डायला (रंगद्रव्याला) धरणारा, दुसरा डीएफएचबीआय डायला धरणारा स्पिनॅच. जेलवर दोघांचेही बँड स्वच्छ. पहिला लाल भागात झकास उजळतो. स्पिनॅच मात्र ढिम्म! ५०० नॅनोमीटरला नुसत्या डायपेक्षा जेमतेम वर. बफर दोघांना एकच: ट्रिस, मॅग्नेशियम क्लोराइड, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड. तापवून हळूहळू थंडही केलंय. किट संपत आलंय आणि नवीन ऑर्डरची फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय देव जाणे, म्हणून विचारून मगच हात घालतो. आरएनए परत बनवू का?

मुठाकाठचा: अजिबात नको. तुमच्या बफरमध्ये पोटॅशियम कुठंय? स्पिनॅच २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅफ्री यांच्या लॅबमधून आला, पण त्याची स्फटिकरचना कळली २०१४ मध्ये. आत जी-क्वाड्रुप्लेक्स निघालं: चार-चार ग्वानिन बेसचे दोन थर, एकावर एक. या थरांना पोटॅशियमचा आयन नेमका बसतो. सोडियम तितका जमत नाही. डाय वरच्या थरावर सपाट पडतो, त्याच्या डोक्यावर तीन बेसचं झाकण. मोकळा डाय मधल्या बंधाभोवती वळतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णतेत घालवतो. दाबून धरला की वळता येत नाही, मग ती प्रकाश होऊन बाहेर पडते.

धागाकर्ता: धन्यवाद दादा! पण मग मॅलाकाइट ग्रीनचं सोडियमवर कसं भागतं?

मुठाकाठचा: त्याच्या आरएनएत क्वाड्रुप्लेक्सच नाही. तिथे डाय एक साधी बेसजोडी आणि चार बेसचा थर यांच्यात चेपला जातो. खिसा वेगळा, युक्ती तीच.

रात्रपाळी: सोडियमच्या जागी तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घाला, आधी डायशिवाय तापवून थंड करा, डाय नंतर. तुलनेसाठी एक नळी लिथियम क्लोराइडची ठेवाच, लिथियम त्या थरांत नीट बसत नाही. तिथे उजेड कमीच राहिला आणि पोटॅशियममध्ये वाढला, तर गाइडपुढे दाखवायला तोच खरा पुरावा. पीएच ७.५ च्या खाली नेऊ नका, डायचा फिनॉल प्रोटॉन सोडलेलाच हवा. आणि एक्सायटेशन (डायवर टाकायचा प्रकाश) किती ठेवलंय? ४७० नॅनोमीटरच्या आसपास हवं, यूव्हीत मोजत असाल तर पोटॅशियम घालूनही हाती फारसं लागणार नाही.