मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ आहे हे दहावीच्या मुलांना फळ्यावर कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलात गणित शिकवतो. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला एसएसएलसीच्या (म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या) मुलांपुढे ही एकच संख्या मांडायची आहे: २^३१ − १. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही हाताने आकडेमोड करून. मुलांना तीच वाट दाखवायची आहे.

वर्गमूळ ४६३४० च्या जरासं वर, म्हणजे तिथवरचे विभाजक तपासले की पुरे. पण नुसत्या विषम संख्याच तेवीस हजारांवर! पहिली चाळणी मला जमते. समजा मूळ संख्या प ने भाग जातो. मग २ च्या घातांना प ने भागताना बाकी १ पहिल्यांदा ३१व्या घातालाच येते. ३१ मूळ असल्यामुळे त्याआधी येऊच शकत नाही. फर्माच्या प्रमेयाने (प ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या प−१ व्या घाताची बाकी १) २^(प−१) ची बाकीही १, म्हणून प−१ ला ३१ ने भाग जातो, आणि प विषम म्हणून ६२ नेही. उरले ६२क + १ या रूपाचे ७४७. मुलांना हे २०४७ = २३ × ८९ वरून लगेच कळलं. ती संख्या २^११ − १, आणि दोन्ही अवयव २२क + १.

अडतंय ते पुढे. प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते, असं पुस्तकात एका ओळीत उरकलंय. हे दहावीच्या गणितात कसं बसवू? 'असतं तसं' म्हणून मुलांच्या गळी उतरवायचं नाही मला.

प्रतिसाद (निपाणीहून)

सर, एक घात पुढे जा. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा ६५५३६ चा वर्ग की! म्हणजे प ने न² − २ या रूपाच्या संख्येला भाग जातो. मुलांना न = ३ पासून १० पर्यंत घालून विषम मूळ अवयव काढू द्या: ७, २३, १७, ४७, ३१, ७९. सगळ्यांची ८ ने बाकी १ किंवा ७.

११ का येत नाही? २·४·६·८·१० घ्या. ६, ८, १० च्या जागी −५, −३, −१ लिहिले तरी ११ ने बाकी तीच. म्हणून २^५ × ५! (५! म्हणजे १·२·३·४·५) ची बाकी −५! इतकी, म्हणजे २^५ ची −१. पण २ ही एखाद्या न² ची बाकी असती, तर २^५ म्हणजे न^१०, आणि फर्माप्रमाणे त्याची बाकी १. जुळत नाही. इतर मूळ संख्यांनाही हेच करा. निम्म्याच्या वरच्या सम संख्या किती, सम की विषम, एवढंच मोजायचं. ८ चा नियम तिथूनच येतो.

धागाकर्ता

फर्माच्या पलीकडे काहीच लागलं नाही, फार आभार! दोन्ही चाळण्या मिळून २४८क + १ आणि २४८क + ६३ एवढेच उरतात. ६३ सोडून ३७२. त्यातही २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने भाग जातो, असे आधीच गाळता येतील. पहिला भागाकार ३११ ने. वर्गात वाटून देतो.