मदत हवी आहे: मँचेस्टरमधील रॉचडेल कालव्याकाठची जुनी इमारत, मूळ सूतगिरणी की गोदाम?

नमस्कार,

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात रॉचडेल कालव्याला अगदी लागून असलेल्या एका पाच मजली विटांच्या इमारतीचा इतिहास मी गेले काही महिने शोधत आहे आणि आता एका मुद्द्यावर अडलो आहे. दाराजवळच्या फलकावर 'जुने गोदाम' एवढेच लिहिले असून वर्ष दिलेले नाही. मला मात्र ती मुळात सूतगिरणी असावी असे वाटते.

याचे मुख्य कारण तळमजल्यावरचे बिडाचे खांब. प्रत्येक खांबाच्या डोक्याशी एका बाजूला पंजाएवढा सपाट चौकोन ओतलेला आहे आणि त्यात बोल्टांची चार भोके आहेत. इंजिनाची गती यंत्रांपर्यंत पोहोचवणारा, छताखालून फिरणारा लांब दांडा (शाफ्ट) पेलण्यासाठी अशी बैठक लागते. नुसता माल रचून ठेवायच्या जागी तिचे काही काम नाही.

पाण्याच्या पातळीला विटांनी बुजवलेली एक कमानही आहे, पण तिच्यावरून निवाडा होत नाही. बोटी थेट आत आणण्याची सोय गोदामांत असे, तशी गिरण्यांतही असे. जवळच्याच मरे बंधूंच्या गिरण्यांच्या चौकात बोटींसाठी हौद होता आणि तो भुयाराने याच कालव्याला जोडलेला होता. शिवाय गिरणीला कालवा केवळ कोळसा आणि कापूस आणण्यासाठी लागत नसे. इंजिनातून निघालेली वाफ गार करून तिचे पुन्हा पाणी करायला थंड पाण्याचा सतत पुरवठा हवा असे आणि तो कालव्यातून मिळे. त्यामुळे भिंतीत पाणी ओढणाऱ्या नळाचे तोंड सापडले, तर माझ्या मते तो कमानीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा ठरेल.

काळाबाबत माझा अंदाज असा आहे. कालव्याला संसदेची मंजुरी 1794 मध्ये मिळाली आणि तो 1804 मध्ये पूर्ण झाला. श्रूजबरीजवळची, कालव्याकाठचीच डिथरिंग्टन येथील जवसाच्या धाग्याची (लिननची) गिरणी 1797 ची. आगीच्या भीतीने लाकूड टाळून खांब आणि तुळया दोन्ही बिडाच्या केलेली ती पहिली इमारत मानली जाते. तिच्या खांबांचा छेद अधिकचिन्हासारखा आहे, तर माझ्या इमारतीचे खांब गोल आहेत आणि तुळयांच्या मधे विटांच्या बसक्या कमानी आहेत. म्हणून ती डिथरिंग्टननंतरची असावी, पण नेमकी किती वर्षांनी, हे मला ठरवता येत नाही.

'गोदाम' हे नाव नंतरच्या वापरावरून पडले असण्याचीही शक्यता आहे. डिथरिंग्टनची गिरणीसुद्धा 19 व्या शतकाच्या अखेरीस बार्लीचे माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेले धान्य) करण्यासाठी वापरात आली आणि तिच्या कित्येक खिडक्या तेव्हा बुजवल्या गेल्या. माझ्या इमारतीतही खालच्या दोन मजल्यांच्या खिडक्या वेगळ्या रंगाच्या विटांनी भरलेल्या आहेत.

जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. गोल खांबांचा व्यास आणि त्यांच्या डोक्याची घडण यांवरून दशकाचा तरी अंदाज बांधता येतो का, आणि त्यासाठी मी नेमकी कोणती मापे घ्यावीत? दुसरे म्हणजे, आगीच्या विम्याची जुनी कागदपत्रे आणि करआकारणीच्या नोंदवह्या यांपैकी आधी काय पाहावे? रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक मध्यंतरी बदलले असतील, तर जुन्या नोंदीतली इमारत हीच आहे हे कसे पडताळायचे, याची रीत कोणी सांगितली तर फार उपकार होतील. खांबांची आणि बुजवलेल्या कमानीची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. हवी असल्यास लगेच देतो.