कंपन्यांच्या ‘पीआर’ला ‘जनसंपर्क’ म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकी उद्योगांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय. ‘पीआर’साठी (पब्लिक रिलेशन्स) ‘जनसंपर्क’ लिहिलं की काही ठिकाणी खटकतं. ‘प्रचार’ चालेल का?

प्रतिसाद : ‘प्रचार’ नको. निवडणुकीचा प्रचार, खादीचा प्रचार यांत लपवाछपवी नसते. समोर चाललाय तो प्रचार आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ‘अपप्रचार’मध्ये दुसऱ्याची बदनामी येते, म्हणून तोही पुरत नाही.

‘जनसंपर्क’ खटकण्याचं कारण आपल्या वापरात आहे. ‘त्यांचा जनसंपर्क दांडगा होता’ म्हटलं की लग्नाला-मयताला धावून जाणारा माणूस आठवतो. आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात लोक गाऱ्हाणी घेऊन जातात. ऐकून घेणं या शब्दात गृहीत आहे.

आता अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं लडलो पाहा. २० एप्रिल १९१४ रोजी तिथं संपकरी कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर मिलिशिया (राज्याचं सशस्त्र दल) आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेली ११ मुलं आणि २ बायका गुदमरून गेल्या. संपातली मोठी कंपनी रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपती घराण्याच्या ताब्यातली. लोक खवळल्यावर धाकट्या रॉकफेलरनी आयव्ही ली या माजी पत्रकाराला नेमलं. वृत्तपत्रांना खरी माहिती उघडपणे देऊ, असं याच लीनं १९०६ मध्ये जाहीर केलं होतं. कोलोरॅडोबद्दलच्या त्याच्या पत्रकांत मात्र कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांची वर्षभराची कमाई नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. याला मी संपर्क म्हणू शकत नाही.

दुसरा प्रतिसाद : पण धाकटे रॉकफेलर १९१५ मध्ये स्वतः कोलोरॅडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांशी बोलले, त्यांच्या बायकांबरोबर नाचलेही. तक्रारी मांडायला कामगार प्रतिनिधींची योजना आणली. हा संपर्कच की! शिवाय ‘जनसंपर्क अधिकारी’ हे पद रेल्वेपासून महापालिकेपर्यंत सगळीकडे आहे. रुळलेला शब्द उपटू नये.

प्रतिसाद : पदनाम राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. रॉकफेलर बोलले हेही खरं, पण कामगारांनी ज्या मान्यतेसाठी संप केला ती त्यांच्या संघटनेला दिलीच नाही. योजना कंपनीची, चौकटही कंपनीचीच.

आणखी एक शब्द जपून वापरा : ‘निवेदन’. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत पानभर मजकूर छापला. त्यामागे हिल अँड नोल्टन ही पीआर संस्था होती. लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्याहून मोठं, संशोधनाला पैसे देऊ, असं आश्वासन त्यात होतं. त्याचं नाव ‘निवेदन’ असलं तरी ती पैसे मोजून घेतलेली जागा होती, म्हणजे जाहिरात. सिगारेटनं खरंच कर्करोग होतो का, ही शंका लोकांच्या मनात जिवंत राहावी, यासाठी त्या संशोधनाचा आधार पुढे कित्येक वर्षं घेतला गेला. २००६ मध्ये फेडरल न्यायालयानं या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. तोवर किती घरांतली माणसं गेली असतील!

म्हणून अनुवादात लीचा हुद्दा ‘जनसंपर्क सल्लागार’ ठेवा. त्यानं काय केलं ते सांगताना मात्र ‘लोकमत वळवलं’, ‘मालकाची प्रतिमा सावरली’ असं थेट क्रियापद लिहा. आणि १९५४ च्या मजकुराला ‘निवेदनवजा जाहिरात’ म्हणा.