मधमाशी चावल्यावर तुम्हाला काय झालं? अनुभव सांगा

गेल्या महिन्यात शेतावर आईला कानामागे मधमाशी चावली. एकच. आम्ही नेहमीसारखं विळ्याचं लोखंड घासत बसलो आणि दहा मिनिटांत तिचे तळहात खाजायला लागले, पोटावर-पाठीवर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. दवाखान्यात मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवूनही घेतलं कारण अशी रिअॅक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते म्हणे. आधी कितीतरी वेळा चावलीय हो तिला, कधी काही झालं नव्हतं, म्हणून तर आम्ही गाफील राहिलो. तुमचे अनुभव लिहा, आमच्यासारखा वेळ कुणी घालवू नये.

रानमेवा: आमच्याकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मधमाशी चावली की नांगी आपल्या कातडीतच राहते, तिच्यासोबत विषाची इवलीशी पिशवी पण येते आणि माशी उडून गेली तरी ती पिशवी धडधडत विष आत ढकलत असते, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे नखाने खरवडा, चिमटीने उपटा, कसंही करा पण लगेच काढा. लोखंड शोधायला जाऊ नका. चावल्या जागेला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणं असतं, म्हणून तिथे थांबायचं नाही. गांधीलमाशीचं वेगळं, तिची नांगी सहसा राहत नाही, ती परत परत चावते.

गडवाट: आग्या मोहोळ उठलं होतं आमच्या ग्रुपवर, कुणीतरी खाली शेकोटी केलेली. मला साठेक तरी डंख असतील, डोक्यातच जास्त. अॅलर्जी नव्हती, गांधी नाहीत, धाप नाही, नुसत्या उलट्या आणि अंग ठणकत होतं, म्हणून घरी येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले इतक्या विषाने स्नायू फुटतात आणि तो गाळ किडनीत अडकतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) वाढलेलं, चार दिवस सलाईनवर होतो, डायलिसिस थोडक्यात टळलं. खूप माश्या चावल्या असतील तर बरं वाटत असलं तरी अॅडमिट व्हा आणि लघवीचा रंग बघत रहा, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

चिऊची आई: मुलीचा हात बोटापासून कोपरापर्यंत टम्म सुजला होता, तीन दिवस. खूप घाबरले मी. पण सूज चावल्या हातालाच होती, बाकी अंगावर काही नाही, श्वास ठीक. बर्फ आणि खाजेची गोळी, त्यावरच उतरली. वरच्या ताईंच्या आईंचं वेगळं, चावली कानामागे आणि गांधी पोटावर, तिथे एक मिनिट थांबायचं नाही.

माणदेश: हाताला चावली तर सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. बहिणीची अंगठी शेवटी सोनाराकडून कापून घेतली, बोट निळं पडलेलं.