के-पॉप म्हणजे कोरियाची सगळी गाणी नव्हेत

पंचमवेडी: 'के-पॉप म्हणजे कोरियन पॉप, विषय संपला' असं कुणी म्हटलं की राहवत नाही. कोरियात लोकप्रिय गाण्यांना 'गायो' म्हणतात. एसबीएस वाहिनीच्या कार्यक्रमाचं नाव आजही 'इंकिगायो' आहे. 'के-पॉप' हे नाव बाहेरच्या श्रोत्यासाठी पडलं. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस जे-वेव्ह रेडिओमुळे 'जे-पॉप' रूढ झालं, त्याच धर्तीवर पुढे हे आलं. २००२ मध्ये कोरियन गायिका बोआचा अल्बम जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या यादीत पहिला आला, तो मुख्यतः जपानी भाषेत होता. मग 'के' कशाचा? माझ्या मते घडवण्याच्या पद्धतीचा. लहान वयात कंपनीत ट्रेनी म्हणून शिरायचं, वर्षानुवर्षं गाणं, नाच, परकी भाषा घोटायची आणि मगच पदार्पण.

टेपरेकॉर्डर: साफ असहमत. नाव बाहेरून आलं म्हणून वस्तू परकी होत नाही. 'हाल्यू' म्हणजे 'कोरियन लाट' हा शब्द चिनी वृत्तपत्रांनी रुळवला, तरी कोरियाने तो आपलासा केलाच ना? सो तैजी अँड बॉईज या तिघांच्या गटाने १९९२ मध्ये 'नान आरायो' हे गाणं आणलं. कोरियन बोलीत रॅप बसवला, त्यावर नाच रचला आणि तरुण पोरं वेडी झाली. त्यांना कुठल्या कंपनीने घडवलं होतं? तुमच्या व्याख्येत ज्यांनी वाट पाडली तेच बाहेर राहतात.

पंचमवेडी: वाट त्यांनी पाडली, एकदम मान्य. पण त्याच तिघांतल्या यांग ह्यून-सुकने १९९६ मध्ये वायजी ही कंपनी काढली आणि ट्रेनी घडवायला घेतले. आणि भाषा हीच कसोटी असेल, तर २०२० मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पहिलं आलेलं बीटीएसचं 'डायनामाइट' अख्खं इंग्रजीत आहे. ते के-पॉप नाही म्हणणार?

कानसेन: ते मी के-पॉपच म्हणेन, कारण बीटीएसचे सातही जण कोरियातले आहेत. पण कॅट्सआयचं काय? कोरियाच्या हाइब आणि अमेरिकेच्या गेफेन या कंपन्यांनी लॉस एंजेलिसमध्ये उभा केलेला गट, मुली वेगवेगळ्या देशांतल्या, त्यात भारतीय वंशाची लारा राजही आहे. गाणी बहुतेक इंग्रजी. तालीम अगदी कोरियन पद्धतीची. पंचमवेडी, तुमच्या हिशोबाने हे के-पॉप ठरतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. भाषा, गाव कोरियाचं नसेल आणि माणसंही बहुतेक बाहेरची असतील तर 'के' लावायचा कशाला?

पंचमवेडी: मी लावेन. उलट बघा, इम यंग-उंग २०२४ मध्ये सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर गायला. माणूस कोरियन, भाषा कोरियन. पण तो ट्रॉट या कोरियातल्या जुन्या धाटणीच्या लोकप्रिय गाण्यांचा गायक म्हणून मोठा झाला, त्यामुळे बाहेर त्याला कुणी के-पॉप म्हणत नाही.

टेपरेकॉर्डर: बाहेरचे म्हणत नाहीत, ही बाहेरच्यांची चूक आहे. मी म्हणतो.