दांडिया बाजारातलं जुनं घर, बँकेचा व्हॅल्युअर येणार: काय तयारी करू?

प्रश्न: दांडियाबाजारची सून

नमस्कार. लेकीच्या परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढतोय. रक्कम साडेसात लाखांच्या वर, म्हणून बँकेला तारण हवंय. तारण म्हणजे आमचं वडोदऱ्याचं घर. पुढच्या आठवड्यात घराची किंमत ठरवायला व्हॅल्युअर येईल.

घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, विटा-चुन्याचं, खाली सागवानी खांब. अगासीवर, म्हणजे गच्चीवर, मागाहून काढलेली खोली. जिन्याखालच्या भिंतीला ओल आहे, पोपडे सुटतात, हात लावला की पांढरी भुकटी बोटांना येते. सासूबाई म्हणतात, दिवाळीसारखं सगळं रंगवून घ्या. हे म्हणतात, पैसे लेकीच्या तिकिटाला लागतील. मागची खोली सासरे गेल्यापासून बंद आहे, त्यांच्या सामानाने भरलेली. उघडायला सासूबाईंचं मन होत नाही. कुलपात राहिली तर चालेल का?

उत्तर: समावाला

आमच्याकडे ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात पाणी शिरलं होतं. व्हॅल्युअरने पहिल्यांदा तेच विचारलं. भिंतीवरची रेघ आम्ही पुसली नव्हती, पाणी कुठवर आलं आणि नंतर वायरिंग बदललं ते सरळ सांगितलं. काही लपवू नका, शेजारीपाजारी विचारतातच ते.

उत्तर: जुना व्हॅल्युअर, कारेलीबाग

वहिनी, बँकांच्या पॅनेलवर हेच काम करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगाचे पैसे लेकीसाठीच ठेवा. अशा घराची किंमत दोन भागांत निघते. एक जमीन: क्षेत्रफळ गुणिले त्या गल्लीतला चालू भाव. दुसरं बांधकाम: आज तसं बांधायला काय लागेल ते काढून वयाप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, वजा. इतक्या जुन्या बांधकामाचं घसारा बरंचसं खाऊन टाकतो, किंमत राहते ती जमिनीत. रंगाला अहवालात रकाना नाही. ओल, तडे, वाळवी यांना आहे.

तेव्हा ओलीचं मूळ शोधा. जिन्याखाली ओल म्हणजे बहुधा चौकडीतलं, म्हणजे धुण्याभांड्याच्या जागेतलं, पाणी मुरतंय, नाहीतर अगासीवरून उतरणारा पाइप फुटलाय. प्लंबर बोलवा, पोपडे खरवडा आणि भिंत उघडी सुकू द्या. जुन्या भिंतीवर ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला की आम्ही पहिलं बोट तिथेच ठोकतो. खांबांचे बुंधेही बघा. वाळवीच्या मातीची नळी दिसली तर आधी औषध मारून घ्या.

बंद खोली उघडावी लागेल, मापं आणि फोटो आतून घेतात. सामान हलवू नका, समोरासमोरच्या भिंतींपर्यंत लेझर पोचेल इतकी वाट करा. कुलूप सासूबाईंनाच काढू द्या, त्या तिथे उभ्या राहिल्या तरी काही हरकत नाही.

अगासीवरची खोली रजाचिठ्ठीत, म्हणजे पालिकेच्या बांधकाम परवानगीत, नसेल तर ती अहवालात वेगळी येते आणि किमतीत सहसा धरत नाहीत. वेरा (घरपट्टी) भरता म्हणून ती कायदेशीर होत नाही. इम्पॅक्ट फी भरून नियमित केली असेल तर तो हुकूम शोधून ठेवा.

जमिनीची जंत्री, म्हणजे सरकारी दर, १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाली, पण बँक बाजारभाव बघते. तुमच्या गल्लीत अलीकडे विक्री झाली असेल आणि तिचा इंडेक्स-२ (नोंदणी कचेरीतला विक्रीचा उतारा) मिळाला तर जरूर दाखवा. बाकी कागद म्हणजे घराचा दस्तावेज, मंजूर नकाशा, चालू वेरा पावती, लाइट बिल. दस्तावेजातल्या चतुःसीमेत जुन्या शेजाऱ्यांची नावं असतील, आता तिथे कोण राहतं ते एका कागदावर लिहून द्या.

आणि प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हे कचेरीतला मालकीचा उतारा, कुणाच्या नावावर आहे?

दांडियाबाजारची सून

काका, खूप आभार. प्लंबर उद्या येतोय. कार्डावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. दोन नणंदा आहेत, एक पुण्याला.

जुना व्हॅल्युअर, कारेलीबाग

मग सगळ्यात आधी हेच काम. व्हॅल्युएशन होऊन जाईल, पण बँकेचा वकील फाइल इथेच अडवेल. मृत्युपत्र नसेल तर सासूबाई, तुमचे यजमान आणि दोन्ही नणंदा, सगळ्यांचा सारखा हक्क. पेढीनामा (वारसांची वंशावळ) करून सिटी सर्व्हेत वारसाईची नोंद घाला. नणंदा हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत लेख लागेल, सोडणार नसतील तर तारणावर त्यांच्याही सह्या. पुण्याच्या ताईंना आजच फोन करा, आणि कागद पुढे करण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. माहेरच्या घराचा प्रश्न आहे.