स्मरणशक्तीसाठी कोको: केळ्यासोबत घेतला तर चालेल का?

प्रश्न: सत्तरीतल्या व्यक्तीला रोज कोकोतून ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स (कोको, चहा, सफरचंद अशांतली वनस्पतिजन्य संयुगं) द्यायचा विचार आहे. कोको, केळं, दूध असं मिक्सरमधून काढून दिलं तर चालेल? सोबत हळदीच्या अर्काची कॅप्सूल द्यावी का?

प्रतिसाद १: केळं आधी वगळा. कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज फ्लॅव्हनॉल्सचाही फडशा पाडतं. २०२३च्या एका प्रयोगात केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातली फ्लॅव्हनॉल्सची कमाल पातळी फ्लॅव्हनॉल्सच्या नुसत्या कॅप्सूलपेक्षा ८४ टक्क्यांनी कमी भरली. दोन्ही वेगवेगळं पण एकाच वेळी प्यायलं तरी पोटात गेल्यावर हे एन्झाइम काम करतच राहतं. बेरी घाला, त्यांच्यात ते फार कमी असतं.

दुसरी गोम पावडरीत. नैसर्गिक कोकोत ग्रॅममागे साधारण ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स असतात, अल्कलीची जास्त प्रक्रिया झालेल्यात जेमतेम ४. म्हणजे ५०० मिलिग्रॅमसाठी पहिली १५ ग्रॅम पुरते, दुसरी सव्वाशे ग्रॅम लागेल! पाकिटावर अल्कली किंवा पोटॅशियम कार्बोनेट लिहिलंय का ते बघा. नुसत्या रंगावर जाऊ नका. रोज एवढा कोको पोटात जाणार असेल तर कॅडमियम आणि शिशाची तपासणी झालेलाच घ्या.

प्रतिसाद २: वरचं सगळं पटलं, पण अपेक्षा बेताची ठेवा. कॉसमॉस-वेब या कोको फ्लॅव्हनॉल्सच्या चाचणीत (३,५६२ जण, ३ वर्षं, रोज ५०० मिलिग्रॅम) सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. स्मरणशक्ती सुधारली ती मुळात ज्यांच्या आहारात फ्लॅव्हनॉल्स कमी होती त्यांची. कॉसमॉस-माइंड या दुसऱ्या चाचणीत तर कोकोच्या अर्काचा आकलनशक्तीवर परिणामच आढळला नाही. त्यामुळे चहा, सफरचंद, बेरी रोजच्या खाण्यात असतील तर कोकोने फारसं काही वाढणार नाही.

प्रतिसाद ३: हळदीच्या कॅप्सूलला माझा स्पष्ट विरोध. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपरिन घालतात. तेच पायपरिन इतर औषधांचीही रक्तातली पातळी वाढवू शकतं, आणि सत्तरीत औषधं बहुधा चालू असतातच. अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. स्वयंपाकातली हळद मात्र खुशाल खाऊ द्या.

आणि विसरणं नव्याने वाढलं असेल तर कोकोच्या आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ हमखास बघाच.